थेंब पडतो तिथं गळत नसतं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातले कुणी डॉक्टर झाले, कुणी शिक्षक, कुणी पुण्याला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले. मी आयटीआय केलं आणि याच रस्त्याला गॅरेज टाकलं. आपल्या वेळी हा 9 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता 65 नंबरचा आहे. रस्त्याचा नंबर बदलला, माझ्या हाताचं काळं काही गेलं नाही. त्यामुळे भाषण करायचं म्हटल्यावर मी संयोजकांना म्हणालो, मला इंजिनाशिवाय काही बोलता येत नाही. ते म्हणाले, मग इंजिनावरच बोल. म्हणून एका गळतीची गोष्ट सांगतो. तिच्यात चूक माझी आहे, आणि ती सांगायची बरीच वर्षं राहून गेली होती.

आपल्याच वर्गातला एक मित्र वडाप जीप चालवायचा. तो समोरच बसलाय. "नाव घे की," असं मला म्हणाला, पण मी घेणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आठ दिवस आधी तो गाडी घेऊन आला. नवरात्रात उमरगा ते तुळजापूर फेऱ्या मारायच्या होत्या. त्या नऊ माळा आणि पुढं कोजागरीची पुनव, एवढ्यात त्याची वर्षाची निम्मी कमाई व्हायची. म्हणाला, "गाडी जरा ओढत नाही, बघ बरं."

ऑईल भरायचं झाकण मी उघडलं. झाकणाला आतून काळा चिकट थर होता, वांग्याच्या भरतासारखा. ऑईल वेळेवर बदललेलं नव्हतं, हे त्यावरून स्पष्ट होतं. त्या दिवसांत माझ्याकडे इंजिन फ्लशच्या बाटल्या होत्या. जुन्या ऑईलमध्ये ही बाटली ओतायची, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, मग सगळं ऑईल काढून नवीन ऑईल आणि नवीन फिल्टर टाकायचा. आतला गाळ विरघळून बाहेर येतो. काम अगदी बाटलीवर लिहिल्याप्रमाणे केलं. काढलेलं ऑईल डांबरासारखं निघालं, ते बघून मित्र खूश झाला. मीही खूश होतो, कारण बाटलीमागे मला चार पैसे सुटत होते. हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. "खाली थेंब पडायलेत रं." मी वाकूनसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." तो काही बोलला नाही, गेला.

दुसऱ्या माळेला जळकोटच्या पुढं त्याच्या गाडीचा ऑईलचा लाल दिवा लागला. गाडीत देवीला निघालेल्या बाया होत्या. त्यानं तिथल्या तिथं इंजिन बंद केलं, सगळ्यांना दुसऱ्या जीपमध्ये बसवलं आणि भाडंही परत दिलं. हा दिवा लागल्यावर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणणारे बहुतेक जण नवीन इंजिनाच्या खर्चात येतात. तो थांबला, हे त्याचं शहाणपण.

गाडी ओढून गॅरेजला आणली. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखालून पडत होते. मी लगेच निकाल दिला : क्रँकचं मागचं ऑईल सील गेलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. "चार दिवस लागतील," मी म्हणालो. तो बाकड्यावर बसला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "भूकंपानंतर सरांनी भिंतीवर तारीख लिहिली होती, आठवतंय का?"

आठवत होतं. तुम्हा सगळ्यांनाही आठवत असेल. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत गाडली गेली. आपण दहावीत होतो. शाळा भरली तेव्हा वर्गाच्या भिंतीला तडा होता. कुणीतरी म्हणालं, गिलावा करून टाकू. विज्ञानाच्या सरांनी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण केली, शेजारी तारीख लिहिली आणि म्हणाले, आधी हा वाढतो का बघू, मग काय करायचं ते ठरवू.

मी हातातला पाना खाली ठेवला.

इंजिन डिझेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं, घरून पावडरचा डबा आणून सगळ्या जोडांवर पांढरी पावडर मारली. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, त्यावर इंजिनाची बाजू आणि वेळ लिहिली. ड्रेनचा बोल्ट बघितला, कोरडा. फिल्टरची जागा बघितली. कधी कधी जुन्या फिल्टरचं रबर तिथंच चिकटून राहतं आणि त्यावर नवीन बसतं, पण तसंही नव्हतं. मग इंजिन चालू केलं आणि वरून बघत बसलो. ऑईल खाली वाहतं, म्हणून शोध वरून घ्यायचा, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. तो मीच विसरलो होतो.

दहा मिनिटांत पावडरवर रेघ उमटली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑईल झिरपत होतं, इंजिनाच्या पाठीवरून उतरून गिअरबॉक्सच्या जोडावर येत होतं आणि तिथून टपकत होतं. सील धडधाकट होतं. थेंब पडतो तिथं गळत असतंच असं नाही.

कव्हरचं गॅस्केट कडक होऊन भेगाळलं होतं. इतकी वर्षं गाळानंच ती भेग बुजवून धरली होती. मी गाळ धुतला आणि भेग मोकळी झाली. त्यात सुटलेला गाळ ब्रीदरच्या नळीत अडकला होता. इंजिनाच्या आतली हवा बाहेर जायला वाट नाही, म्हणून दाब वाढून ऑईल बाहेर ढकललं जात होतं. नळी साफ केली, गॅस्केट बदललं, दोन तासांत गळती बंद.

पण मनात एक शंका राहिली. डिपस्टिकवर ऑईल पुरेपूर भरलं होतं, तरी इंजिन तापल्यावर जागेवर चालू ठेवलं की लाल दिवा मिणमिणायचा. ऑईल पुरेसं आहे आणि तरी दाब कमी आहे, तर ते वर चढत नसणार. चेंबर उतरवला. ऑईल ओढून घेणारी जाळी निम्म्याहून जास्त गाळानं बुजली होती. फ्लशनं सोडवलेला सगळाच गाळ ऑईलबरोबर बाहेर पडला नव्हता, बराचसा जाळीवर जाऊन बसला होता. आणखी चार फेऱ्या झाल्या असत्या तर इंजिन जाम झालं असतं, तेही भरल्या गाडीत. गळती झाली म्हणून गाडी थांबली, आणि थांबली म्हणून वाचली.

जाळी आणि चेंबर हातानं धुऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दिली. चौथ्या माळेला तो रस्त्यावर होता. बुडालेल्या फेऱ्यांचा त्यानं हिशेब केला नाही. मी मात्र गॅस्केटचे पैसे त्याच्याकडून घेतले, आणि चूक माझी होती हे बोललो नाही. तो पुढंही माझ्याकडेच येत राहिला. त्याचंच जास्त लागत राहिलं. गेल्या महिन्यात या मेळाव्याचा निरोप आला, तेव्हा त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, पैसे पुढं ठेवले. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी बोलतोस ते बघत होतो."

फ्लश वाईट असतं असं मी म्हणत नाही. वेळेवर ऑईल बदललेल्या इंजिनाला त्याचा बहुधा त्रास होत नाही, पण अशा इंजिनाला त्याची फारशी गरजही नसते. जिथं झाकणाखाली काळा थर जमलाय, तिथं मी आता बाटली ओतत नाही. चांगलं ऑईल टाकतो, लवकर लवकर दोन-तीनदा बदलतो, गाळ हळूहळू सुटू देतो. फारच असेल तर चेंबर उतरवून हातानं साफ करतो. आणि ओतायच्या आधी मालकाला सांगतो, साफ केल्यावर गळू शकतं.

सर, तुम्ही तड्यावर लिहिलेली ती तारीख आम्ही दोघंही विसरलो नव्हतो. फक्त त्याला ती वेळेवर आठवली. आता माझ्या गॅरेजच्या भिंतीला पेन्सिल दोरीनं बांधलेली असते, आणि शिकायला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी मी पान्याआधी ती हातात देतो.

जाताना सगळ्यांनी आपापल्या गाडीखाली एकदा वाकून बघा.