तासिकेचे मानधन आणि प्रसूतीची रजा

मांजरसुंबा हे बालाघाटच्या डोंगरातील चौरस्त्याचे गाव. उत्तरेस बीड, दक्षिणेस सोलापूर, पश्चिमेस पाटोदा व जामखेड, पूर्वेस नेकनूर, केज व अंबाजोगाई, असे चारी दिशांचे रस्ते येथे मिळतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या गाड्या याच भागातून घाटाखाली कारखान्यांकडे निघतात. आणि याच रस्त्यांनी, सकाळची एस. टी. गाठून, महाविद्यालयांत शिकविणाऱ्या स्त्रियाही ये-जा करतात. एकीच्या हाती कोयता, दुसरीच्या हाती पुस्तक. दोघींच्या जगण्यात पुष्कळ अंतर आहे खरे. परंतु बाळंतपण जवळ आले म्हणजे ते अंतर कधीकधी फारच कमी उरते.

ऊसतोडणीत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. गर्भारपण, बाळंतपण, मासिक पाळीचा त्रास, या सर्वांचा हिशेब खाड्यातच. बीड जिल्ह्यातील असंख्य तोडणी-स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे 2019 साली उघडकीस आले व शासनाला चौकशी-समिती नेमावी लागली, हे श्रोत्यांच्या स्मरणात असेलच.

आता महाविद्यालयाकडे वळू. तेथे कायम नेमणुकीची प्राध्यापिका असेल तर तिला भरपगारी 180 दिवसांची प्रसूतिरजा मिळते. पीएच. डी.चा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीलाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनी 240 दिवसांपर्यंतची सवलत दिली. या दोघींच्या मध्ये जी उभी आहे ती तासिका तत्त्वावरील अध्यापिका. तीही तोच विषय, त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे शिकविते. परंतु तिचे मानधन घेतलेल्या तासांवर मोजले जाते. सुट्टीचे मिळत नाही, आजारपणाचे मिळत नाही. नेमणूक सत्रापुरती. बाळंतपणासाठी ती घरी बसली की तास थांबले, तास थांबले की मानधन थांबले. आणि पुढील वर्षी तेच तास आपणास मिळतील याची शाश्वती नाही. ‘खाडा’ हा शब्द तेवढा महाविद्यालयाच्या दप्तरात लिहीत नाहीत!

प्रसूतीच्या काळात मातेला विसावा व वेतन दोन्ही मिळावीत हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या विषयावरील विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे आणि म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने सोसावा, असे प्रतिपादन केले होते. 1929 मध्ये कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो या डोंगरापर्यंत पोचला नाही. पुढे 1958 मध्ये मराठवाड्यास विद्यापीठ मिळाले, आणि बीडची महाविद्यालये ज्याला जोडलेली आहेत त्या या विद्यापीठास आज बाबासाहेबांचेच नाव आहे. नाव दिले, मात्र त्यांचा तो विचार तासिकेच्या वर्गात अजून पुरता शिरलेला नाही.

देशव्यापी कायदा 1961 चा. त्यात 12 आठवड्यांची रजा होती. 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती 26 आठवडे झाली. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तीच मर्यादा कायम ठेवली. मागील बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेले असावे, एवढीच अट. दिल्लीतील एका रुग्णालयात कराराने काम करणाऱ्या डॉक्टर स्त्रीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये असा निर्णय दिला, की कराराची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचा लाभ संपत नाही. सत्रापुरत्या नेमणुकीचे कारण पुढे करणाऱ्यांनी हा निर्णय अवश्य वाचावा.

संस्थाचालकांची एक अडचण मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. रजेवरील बाईंचे वेतन आणि बदलीच्या शिक्षकाचे मानधन असा दुहेरी खर्च लहान संस्थेने कोठून करावा? सारा बोजा नोकरी देणाऱ्यावर टाकला की तो मुलाखतीतच नवविवाहितेला टाळू लागतो. दाखविण्यापुरते कारण दुसरेच असते. कायद्याचा हेतू अशा रीतीने उलटतो. यावर उपाय 1928 मध्येच सुचविला गेला आहे: खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. अनुदानित पदांवरील तासिकांचे मानधन शासनच देते. मग सहा महिन्यांचे मातृवेतनही त्याच तिजोरीतून जाण्यास प्रत्यवाय कोणता? रक्कम ठरविणेही कठीण नाही. रजेपूर्वीच्या तीन महिन्यांची सरासरी धरण्याची रीत कायद्यात पूर्वीपासून आहे.

दुसरी गोष्ट परतीची. रजा दिली पण तास दुसऱ्यास देऊन टाकले, तर ती रजा नव्हे, निरोपच होय. म्हणून बदलीच्या शिक्षकाची नेमणूक रजेच्या मुदतीपुरतीच आहे असे त्याच्या पत्रात लिहिलेले असावे, आणि मूळ अध्यापिकेचे तास तिच्याच नावे राखून ठेवावेत. जूनमध्ये नेमणूकपत्रे छापली जातात त्या वेळी एवढ्या दोन ओळी वाढविण्यास शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. प्राचार्य आणि संस्थेचे चिटणीस यांची सही पुरते.