ध्यानाचा ओनामा आणि यंत्राची सोबत

जुन्या महाराष्ट्रीय घरांत देवघराच्या खुंटीला एक लहानशी कापडी पिशवी टांगलेली असे. गाईच्या मुखासारखा आकार, म्हणून तिचे नाव गोमुखी. तिच्यात १०८ मण्यांची जपमाळ. घरातील वडीलधारी स्त्री पहाटे आसनावर बसे, उजवा हात गोमुखीत घाली आणि जपास आरंभ करी. एकेक मणी बोटांखालून सरके. मेरुमणी लागला म्हणजे तो न ओलांडता माळ उलट फिरवावयाची, असा दंडक. मन स्वयंपाकघरात गेले, मुलाच्या परीक्षेकडे गेले, शेजारणीच्या बोलण्याकडे गेले, तरी मणी बोटांत असे आणि तोच त्या मनाला हलकेच परत बोलावी. माळ झाकलेली का, असे कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असे : जप किती झाला हे इतरांना दिसू नये.

आज त्याच घरातील नातवाची कल्पना करावी. तोही पहाटे उठून बसतो. मात्र त्याच्या मनगटावर नाडी मोजणारे यंत्र असते आणि समोर मोबाईल फोन. एक मृदू आवाज त्याला श्वास घ्यावयास व सोडावयास सांगतो. दहा मिनिटे संपताच काचेवर आकडा उमटतो : शांततेचे आज इतके गुण, काल इतके. कालच्यापेक्षा आजचा आकडा उणा निघाला, की त्या बिचाऱ्याचा सारा दिवस उणा जातो. आजी आणि नातू या दोघांनीही साधन हाती घेतले आहे. मग दोघांच्या साधनांत फरक तो काय? ध्यानाचा ओनामा गिरवू पाहणाऱ्याने हा प्रश्न प्रथम सोडवावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

त्यापूर्वी एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. विसावा आणि ध्यान या दोन गोष्टी शेजारच्या आहेत, एक नव्हेत. विसावा हा मुख्यतः शरीराचा. अनेकांना आपले खांदे वर ओढलेले आहेत, दात एकमेकांवर दाबलेले आहेत, हे ठाऊकच नसते. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याची पद्धती मांडली. आधी मूठ आवळून ताण म्हणजे काय ते ओळखावयाचे, मग ती सोडून सैलपणा ओळखावयाचा. आपल्याकडे हठप्रदीपिकेत शवासन सांगितले आहे. त्याचाही हेतू थकवा घालवून चित्ताला विश्रांती देणे हाच. ध्यान याच्या पुढचे. तेथे अवधानाला एक आधार द्यावयाचा आणि ते सुटले की पुनः त्या आधाराशी आणावयाचे. विसावा हा उंबरठा आहे. गाभारा अजून आत आहे. यंत्राची मदत कोठपर्यंत पोहोचते, हे या भेदावरून पुढे स्पष्ट होईल.

ध्यान आणि यंत्र यांची गाठ काही काल-परवा पडलेली नाही. १९२४ हे वर्ष या दृष्टीने मोठे मनोरंजक आहे. त्या वर्षी जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर या मानसरोगतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदनांची रेषा प्रथमच टिपली. त्याच वर्षी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असे आढळले, तेव्हा त्या स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. योगाला प्रयोगशाळेचे भय नाही, ही त्यांची भूमिका. परंतु त्यांनी यंत्राला विचारलेला प्रश्न पाहावा : पोटात दाब किती? साधकाला शांती किती लाभली, हे त्यांनी पाऱ्याच्या नळीस विचारले नाही.

बेर्गरने आपले शोध १९२९ साली प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे १० वेळा उठणारी एक लय दिसते. डोळे उघडले किंवा एखादे गणित मनात सोडवावयास घेतले की ती ओसरते. या लयीला त्याने अल्फा हे नाव दिले. सेकंदास ८ ते १३ ही तिची मर्यादा आज मानली जाते. योग्यांची आणि या रेषेची गाठ पुढे पडणारच होती. १९६१ साली दिल्लीचे आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी चार योग्यांच्या मेंदूची नोंद प्रसिद्ध केली. ध्यानात त्यांची अल्फा लय अखंड चाले. ज्या दोघांवर ध्यानावस्थेत आवाज, प्रकाश इत्यादींचा प्रयोग केला, त्यांची लय त्या वेळी मोडली नाही. जणू बाहेरचे जग त्यांच्या दारापर्यंत येऊन परत गेले.

पाच वर्षांनी, १९६६ साली, जपानमधील कासामात्सू व हिराई यांनी झेन पंथाच्या साधकांविषयीचे निष्कर्ष मांडले. तेथे वेगळाच प्रकार दिसला. ठराविक अंतराने टक् असा आवाज पुनःपुन्हा केला असता सामान्य माणूस लवकरच त्याला सरावतो आणि मेंदू त्याची दखल घेईनासा होतो. अभ्यस्त झेन साधकांची लय मात्र प्रत्येक आवाजाला दोन-तीन सेकंद मोडे आणि पुनः पूर्ववत होई. विसावा आवाजही पहिल्यासारखाच नवा. एकाचे ध्यान म्हणजे आवाज न ऐकणे, दुसऱ्याचे ध्यान म्हणजे प्रत्येक आवाज नव्याने ऐकणे! पुढे १९८१ साली बेकर व शापिरो यांनी निरनिराळ्या पंथांच्या साधकांवर असाच प्रयोग केला, तेव्हा हे भेद आढळले नाहीत. तेव्हा प्रश्न असा, की ध्यानाची खरी रेषा कोणती? तिचे गुण कोणत्या फुटपट्टीने द्यावयाचे? विद्वानांना जेथे इतके जपून बोलावे लागते, तेथे मनगटावरचे यंत्र क्षणात निकाल देते, याचे नवल वाटले पाहिजे.

या प्रकारच्या उतावळेपणाचा अनुभव अमेरिकेने एकदा घेतला आहे. जो कामिया या मानसशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे एक साधा प्रयोग आरंभिला. माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवावयाचे. घंटा वाजली की आपल्या मेंदूत आता अल्फा आहे की नाही ते त्याने सांगावयाचे. उत्तर बरोबर की चूक हे लगेच त्याला कळवावयाचे. सरावाने उत्तरे बरोबर येऊ लागली. शरीराच्या आतील हालचालीची वार्ता माणसाला पोहोचविली, तर तो तिच्यावर काही ताबा मिळवू शकतो, या तत्त्वाला पुढे बायोफीडबॅक हे नाव मिळाले. डोकेदुखीसारख्या विकारांवर त्याचा उपयोगही होऊ लागला. पण १९७० नंतर बाजाराने या शोधाचा ताबा घेतला. अल्फा म्हणजे शांती, आणि यंत्र म्हणजे शांतीचा जवळचा रस्ता, असा गाजावाजा झाला. १९७३ साली पास्केविट्झ आणि ऑर्न यांनी दाखवून दिले, की अंधारात स्वस्थ बसलेल्या माणसाची अल्फा यंत्राच्या शिकवणीने आणखी वाढत नाही. उजेडात ती वाढताना दिसते. परंतु तेथे उजेडाने दबलेली लयच पुनः वर येत असते. लोकांना मिळालेल्या समाधानात त्यांच्या स्वतःच्या अपेक्षेचा वाटा मोठा होता. रेषा खोटी नव्हती; तिच्यावर लादलेला अर्थ खोटा होता.

आजची उपकरणे अधिक सुबक आहेत, तथापि ती काय मोजतात हे समजून घेतलेले बरे. मनगटी यंत्र त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते; रक्ताची लाट आली की परतणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून नाडी कळते. दुसरे एखादे उपकरण बोटांतून अगदी सूक्ष्म विद्युत्-प्रवाह पाठविते. मनात खळबळ झाली की तळहातास किंचित घाम येतो आणि प्रवाह अधिक सुलभ वाहतो. श्वासाचा ठेका धरून देणारी साधने आहेत, आणि त्यांच्या मुळाशी चांगले शरीरशास्त्र आहे : श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते, सोडताना थोडी घटते, आणि मिनिटास सुमारे सहा श्वास अशा संथ लयीत बहुतेक प्रौढांमध्ये हा चढउतार सर्वांत मोठा होतो. विसावा शिकण्यासाठी ही मदत खरोखर मोलाची आहे. परंतु नाडी संथ आहे एवढ्यावरून मन जागे आहे की पेंगते आहे, ते आधारापाशी आहे की सुखस्वप्नात रमले आहे, हे यंत्रास सांगता येत नाही.

यातून नवशिक्यास जो अपाय होतो तो लहान नाही. मनाची शांती ही झोपेसारखी आहे. ती आली का, हे पाहावयास जो वारंवार उठतो त्याला ती येत नाही. कचेरीत वरिष्ठांकडून, शाळेत परीक्षकांकडून, घरात नातलगांकडून दिवसभर ज्याचे मोजमाप चालते, त्याला ध्यानाची दहा मिनिटे तरी मोजमापाबाहेरची हवीत. तेथेही गुणपत्रिका आणून ठेवली, तर मनातला परीक्षक आसनावर बसतो आणि साधक बाहेर उभा राहतो. सैल होण्याचा प्रयत्न करतानाच काहींची अस्वस्थता वाढते, असे मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली नोंदविले आहे. अशा माणसास घटता आकडा दाखविणे म्हणजे भ्यालेल्यास भय मोजून दाखविणे होय. मग तो एके दिवशी ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असे म्हणून उठतो आणि पुनः बसत नाही.

मग आरंभ कसा करावा? वेळ ठरलेली असावी आणि थोडी असावी. दहा मिनिटे पुरेत. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची चालते. पाठ ताठ, पण ताठरलेली नाही. प्रथम दोन-तीन मिनिटे खांदे, जबडा, पोट सैल सोडावे. मग नाकपुड्यांशी होणारा श्वासाचा स्पर्श हाच आधार धरावा. वाटल्यास प्रत्येक उच्छ्वासाला एक असे दहापर्यंत मोजून पुनः एकपासून आरंभ करावा. चार मोजण्याच्या आत मन भाजीच्या हिशेबात शिरेल. त्यात अपयश काहीच नाही. आपण भरकटलो हे ज्या क्षणी ध्यानात येते, तो क्षणच अभ्यासाचा गाभा. मनाला न रागावता परत आणावे. दहा मिनिटांत पन्नास वेळा मन गेले आणि पन्नास वेळा परत आणले, तर पन्नास वेळा अभ्यास झाला. शेजारच्या कुकरची शिटी वाजली तर ती ऐकावी आणि श्वासाकडे यावे. शहरातील घराला अरण्याची शांतता लाभणार नाही, आणि तिची वाट पाहत बसणाऱ्याचा आरंभही होणार नाही.

या अभ्यासात यंत्राला स्थान आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. तेथे साधकाला आपला मोबाईल फोन प्रारंभीच स्वाधीन करावा लागतो. पण शिकवणूक मिळते ती बहुतांशी ध्वनिमुद्रित आवाजातून. सत्यनारायण गोएंका २०१३ साली निवर्तले, तरी त्यांचा आवाज आजही नवख्यांस पहिला श्वास पाहावयास शिकवितो. म्हणजे तेथेही यंत्र आहेच. फक्त ते बोलते, वेळेवर थांबते आणि कोणासही गुण देत नाही. घरच्या साधनालाही हीच कसोटी लावावी. वेळ संपल्याची घंटा द्यावी, श्वासाचा ठेका धरून द्यावा, मार्गदर्शनाचे चार शब्द सांगावेत, इतके काम यंत्राकडून अवश्य घ्यावे. आकड्यांची सोय बंद करता येत असेल तर करावी. नसेल तर फोन पालथा ठेवावा. महिन्या-दोन महिन्यांनी आठवड्यातून एक दिवस यंत्राविना बसून पाहावे. त्या दिवशी बसवेनासे झाले, तर आधार कुबडी झाला असे समजावे. आणि झोप उडणे, धडधड होणे, उदासी न हटणे असा त्रास असेल, तर ध्यान वा यंत्र यांच्या भरवशावर न राहता वैद्याचा सल्ला घ्यावा.

आजीच्या साधनातही मोजणी होती. १०८ मणी काही उगीच ओवलेले नव्हते. पण ती मोजणी बोटांना काम देण्यापुरती होती, आणि संपताच पिशवीत राही. नातवाच्या यंत्रानेही त्याला आसनापर्यंत आणले आहे, हे त्याचे उपकार कबूल केले पाहिजेत. आता त्या यंत्राला एका गोमुखीची तेवढी गरज आहे. ती कोणी शिवून द्यावयास नको. आकड्याकडे पाठ फिरवून शांतपणे पुढचा श्वास पाहिला, की ती तयार झाली.