बोटीवरचा खर्च : निघण्याआधी ठरवू या

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यातली काही कुटुंबं यंदा पहिल्यांदाच मुंबई-गोवा क्रूझला निघाली आहेत. त्यांचा एकच प्रश्न : "तिकिटाचे पैसे भरलेत, मग वर आणखी कशाला?"

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात जाणाऱ्यांची शिदोरी गाठोड्यात आणि पैसे कनवटीला असत. 2018 मध्ये 'आंग्रिया' आणि 2021 मध्ये 'कॉर्डेलिया'ची बोट मुंबईहून सुरू झाली. आता कनवटीची जागा कार्डाने घेतली आहे.

बहुतेक क्रूझवर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली आणि तेच खर्चाचं खातं. त्याला आपलं बँकेचं कार्ड जोडायचं किंवा आधी रक्कम जमा करायची. आपल्या उर्से टोलनाक्यावर फास्टॅगने पैसे कापले जातात, हात खिशात जात नाही. इथेही तसंच. फक्त टोल एकदाच लागतो, हे कार्ड दिवसातून दहादा पुढे केलं जातं.

भाड्यात काय येतं? मेंटेनन्ससारखं समजा. लिफ्ट, पाणी, वॉचमन त्यात. हॉलचं भाडं वेगळं. तसंच खोली, मुख्य जेवण, बरेचसे कार्यक्रम भाड्यात. दारू, स्पा, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहली सहसा वेगळ्या.

काही गोष्टी लिहून ठेवा :

1. शक्यतो डेबिट कार्ड जोडू नका. खर्चापोटी काही रक्कम अडवून ठेवली जाते आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात.

2. परदेशी बोटीवर हिशोब बहुधा डॉलरमध्ये असतो. भारतीय कार्डावर सहसा 2 ते 3.5 टक्के जादा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. अनेक कंपन्या माणशी, दर रात्री टिपही खात्यात लावतात.

3. बुकिंगवर कधी 'ऑनबोर्ड क्रेडिट' मिळतं, म्हणजे बोटीवरच खर्चायची रक्कम. उरलेली परत मिळेल का, ते आधी विचारा. अनेकदा मिळत नाही. चालत असेल तर ती टिप आणि सहलींना लावा.

4. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. बोटीच्या नेटवर्कचं रोमिंग फार महाग पडतं.

5. रोज रात्री खातं बघा. चूक दिसली तर लगेच काउंटरवर सांगा. उतरायच्या सकाळी तिथे रांग असते. मुलांच्या कार्डावरचा खर्चही बऱ्याच बोटींवर बंद करून घेता येतो.

आता मनातलं सांगतो. अशा सहली बहुतेक वेळा मुलं आईवडिलांसाठी काढतात आणि कार्ड मुलाचं किंवा सुनेचं असतं. मग आजी कॉफी मागवायलाही बिचकतात, "उगाच त्यांना खर्च नको" म्हणतात. किंवा उलट होतं. शेवटच्या दिवशी बिल येतं, आणि कोणी काय घेतलं यावरून घरात अबोला धरला जातो.

त्यावर उपाय सोपा आहे. निघण्याआधी सगळ्यांनी बसून आकडा ठरवा. त्यातली ठराविक रक्कम आईवडिलांच्या हक्काची, तिचा हिशोब कोणी विचारायचा नाही. पंचवीस वर्षं आपण सोसायटीचं अंदाजपत्रक सभेत बसून मंजूर करतो, मग घराचं का नको?

सर्वांना प्रवासाच्या शुभेच्छा.