आधी सेल्फ, मग धूर, पंप सगळ्यात शेवटी

आज कर्जाच्या हप्त्याचं नाही, गाडीचं बोलणार आहोत. बायांनी डिझेल गाडीवर काय बोलावं, असं घरात कुणी म्हणालं तर रेडिओचा आवाज थोडा वाढवा.

यावल तालुक्यातल्या आमच्या गटांची मिळून एक जुनी पिकअप आहे. हिवाळा म्हणजे भरताच्या वांग्यांचा हंगाम. वांगी पहाटे जळगावच्या बाजारात पोचली तर भाव मिळतो, उन्हं वर आल्यावर व्यापारी म्हणेल तो भाव. नेमकी त्याच दिवसांत गाडी पहाटे चालू होईना. पाच-सहा वेळा सेल्फ मारावा तेव्हा कुठे धडधडत उठायची, मग दिवसभर काही तक्रार नाही. एका मिस्त्रीनं बोनेट न उघडताच सांगितलं, पंप आणि नोजल उतरवावे लागतील, २२ हजार. बैठकीत ठराव लिहून झाला होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तेव्हा आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "पाराजवळ उताराकडे तोंड करून लावली की पहिल्या सेल्फला चालू होते. शाळेसमोर चढावर लावली की रडते." आम्ही गप्पच झालो. थंडी तर दोन्हीकडे सारखीच!

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा अठरा-वीस पट दाबली जाते, त्यानं ती इतकी तापते की डिझेलचा बारीक फवारा पडताच पेट घेतो. म्हणून इंजिन जोरात फिरलं पाहिजे, हवा तापली पाहिजे आणि डिझेल वेळेवर पोचलं पाहिजे. चालू होत नाही म्हणजे यातलं काहीतरी अडलंय.

पहिल्यांदा सेल्फचा आवाज ऐका. मंद, ओढल्यासारखा येत असेल तर बॅटरी बघा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर तो साफ करून नट घट्ट करा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर सेल्फही जातो आणि बॅटरीही.

सेल्फ चांगला फिरतोय, तर मागे जाऊन सायलेन्सर बघा. हे काम दुसरीला सांगा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण गाडी उठत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग तपासायला सांगा. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कसा उतरतो ते आपल्याला माहीतच आहे. पण हीच तक्रार मे महिन्याच्या उन्हातही असेल तर थंडीला दोष देऊन चालणार नाही. चालल्यावर काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर झटका. आपल्याकडच्या धुळीत तो किती लवकर भरतो!

आता मावशींची गोष्ट. टाकी मागे, इंजिन पुढे. गाडी चढाला तोंड करून उभी असली की इंजिन वर आणि टाकी खाली. डिझेलच्या रबरी पाइपला बारीकशी चीर असेल तर रात्रभरात तिथून हवा आत शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. उतारावर टाकीच वर, म्हणून ते उतरत नाही. डिझेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. पंप जोर लावतो, बुडबुडाच दबतो, नोजल उघडतच नाही. आणि बघा, पंप इथून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे अशा चिरेतून बाहेर थेंबही न गळता हवा आत जाऊ शकते. पाइप कोरडा दिसतो म्हणून तो चांगला, असं समजू नका.

आम्ही दुसऱ्या मिस्त्रीभाऊंकडून फिल्टरच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा लावून घेतला. बुडबुडे डोळ्यांना दिसले. टाकीजवळचा पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या. मग फिल्टरवरचा नट सैल करून हातपंप मारला. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. नट आवळला, सेल्फ मारला, झालं. चिरलेला तुकडा मावशींनी गटाच्या पेटीत ठेवलाय.

पाण्याचंही तसंच. डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, पाणी असेल तर तळाशी बसतं. फिल्टरखालच्या नटातून ते अधूनमधून काढायचं असतं. गाडी चालता चालता बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच सुस्स आवाज होतो, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत, डिझेलचा दाब टायरमधल्या हवेच्या शेकडो पट असतो. तिथे नोजलचा पाइप सैल करायचा नाही, गळती हातानं चाचपायची नाही. ती धार कातडीत घुसते. अशी इजा झाली तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. आणि हीटर असलेल्या इंजिनात पेट्रोल किंवा स्प्रे मारून गाडी उठवणाऱ्याला तिथेच थांबवा.

गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या: सेल्फ कसा फिरतो, धूर कोणता, सकाळीच त्रास होतो की गरम झाल्यावरही, गाडी रात्री कशी उभी होती. पंप उतरवायचा म्हणाले तर आधी एअर आणि फिल्टर बघितलं का, एवढं विचारा. आमचा तो ठराव वहीत अजून आहे, बिनसह्यांचा.