पचनाचा प्रारंभ मुखातच



शालेय प्रयोगशाळेतील एक प्रयोग विद्यार्थ्यांच्या स्मरणातून सहसा पुसला जात नाही. दोन परीक्षानळ्यांत पातळ खळ घेतली जाते आणि एकीत थोडी लाळ मिसळली जाते. काही वेळ कोमट पाण्यात ठेवून दोहोंत आयोडीनचे थेंब टाकले, की नुसत्या खळीची नळी गडद निळी होते. लाळ मिसळलेल्या नळीत मात्र आयोडीनचा मूळचा पिवळसर रंगच राहतो. तिच्यातील पिष्टाचे रूपांतर झालेले असते. लाळेचा हा गुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ एर्हार्ड लॉइक्स यांनी १८३१ मध्ये नोंदवला.

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. धान्यांत व कंदांत ती घट्ट कणांच्या रूपाने साठवलेली असते. शिजताना हे कण पाणी शोषून फुगतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. म्हणूनच कच्च्या पिठापेक्षा भाकरी सहज पचते. लाळेतील अमायलेज हे विकर या साखळ्या ठिकठिकाणी तोडते. त्यातून माल्टोज ही शर्करा आणि डेक्स्ट्रिनसारखे लहान तुकडे निर्माण होतात. कोरड्या पोळीचा घास बराच वेळ चघळल्यावर गोडसर लागतो, त्याचे कारण हेच.

घास मुखात थोडाच वेळ असला, तरी हे कार्य गिळण्याबरोबर संपत नाही. जठरातील आम्ल घासाच्या अंतर्भागात पोहोचेपर्यंत ते चालू राहते. उरलेले काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज पूर्ण करते. त्यामुळे घाईने गिळलेला घास पचतच नाही, असे नव्हे. परंतु न चावलेल्या तुकड्यांच्या आत लाळ शिरत नाही आणि पुढील भार वाढतो. घास बत्तीस वेळा चावावा, या वडीलधाऱ्यांच्या शिकवणुकीत आकड्यापेक्षा संथपणा महत्त्वाचा आहे.

पालकांनी जाणून घ्यावी अशी या क्रियेची दुसरी बाजूही आहे. मुलाला चॉकलेट नाकारून बिस्किटे किंवा वेफर्स दिले, की दात सुरक्षित राहिले असे घरोघरी मानले जाते. प्रत्यक्षात दातांच्या फटींत अडकलेल्या पिष्टाचीही लाळ शर्करा बनवते. मुखातील जिवाणू त्या शर्करेपासून आम्ल तयार करतात आणि दातांच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात. हे आम्ल सौम्य करणारी आणि दातांना कॅल्शियम व फॉस्फेट परत देणारीही लाळच. मात्र त्यासाठी तिला दोन खाण्यांच्या मध्ये अवधी मिळावा लागतो. दिवसभर थोडेथोडे खात राहणाऱ्या मुलाच्या दातांना तो लाभत नाही. झोपेत लाळ फारच कमी स्रवते, म्हणून रात्री दात न घासता झोपणे अधिक हानिकारक ठरते.

गेल्या साठ वर्षांत विद्यार्थ्यांच्या डब्यातील पदार्थ पुष्कळ बदलले. लाळेचे कार्य बदललेले नाही. मधल्या सुट्टीत डबा निवांत बसून खाण्याइतका वेळ आणि त्यानंतर नळावर भरलेली खळखळून एक चूळ, एवढी व्यवस्था शाळा आणि घर मिळून सहज करू शकतात. प्रयोगशाळेत निळ्या रंगाच्या साक्षीने शिकलेला धडा मुलांच्या रोजच्या जेवणात उतरला, तरच ते विज्ञानशिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल.