बरा झाला, पण कामावर आला का?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही वेतनकरारावर नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला, तेव्हा चिटणीस क्षणभर गप्पच राहिले. युनियनवाल्याचा आणि मनाच्या आजाराचा संबंध काय? तो संबंध आहे, आणि तो आम्हांला फार उशिरा कळला, हेच आज सांगावयाचे आहे.

आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. आम्ही डॉक्टर नाही; कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण माणूस रोज सकाळी कामावर कसा येतो आणि का येऊ शकत नाही, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

ज्या आजाराविषयी बोलणार तो द्विध्रुवीय मनोविकार. दवाखान्यात त्याला बायपोलर म्हणतात. यात मनाला चढ येतो आणि उतार येतो. चढात माणसाला झोप नको वाटते, विचार धावतात, बोलणे थांबत नाही, हातून पैसा सुटतो आणि आपल्याला काहीच अशक्य नाही असे वाटू लागते. उतारात तोच माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, आणि जगणे नकोसे होईपर्यंत मजल जाते. दोहोंच्या मध्ये तो तुमच्याआमच्यासारखाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2019 मध्ये जगात सुमारे 4 कोटी लोकांना हा आजार होता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात केव्हातरी हा आजार झालेले प्रौढ 200 मध्ये साधारण एक निघाले, आणि अशा दहांपैकी सात उपचारांवाचून होते. म्हणजे हजार माणसांच्या कारखान्यात सरासरीने पाच. आम्ही मात्र कित्येक वर्षे समजत होतो की आमच्याकडे एकही नाही.

आमच्याकडे एक टर्नर होता. नाव सांगत नाही, कारखान्याचेही नाही. हात असा की त्याने काढलेला माल तपासणीतून सहसा परत येत नसे. एका पावसाळ्यात माणसे कमी म्हणून त्याला लागोपाठ तीन आठवडे रात्रपाळी दिली. दिवसा त्याला झोप लागेना, आणि मग झोपेची गरजच वाटेना. पतपेढीचे कर्ज उचलून त्याने दोन मोटारसायकली घेतल्या, फोरमनशी हातघाईवर आला आणि अखेर घरच्यांनी त्याला इस्पितळात नेले. दोन महिन्यांनी तो फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर झाला. कागदावर लिहिले होते, ‘कामास योग्य’. आम्हांलाही वाटले, संपले एकदाचे.

पण ते संपले नव्हते. ड्रॉइंगवरचे माप वाचून मशीनकडे वळेपर्यंत तो माप विसरे. सकाळी उशिरा येई. डबा खायला चौघांत बसत नसे. लोक म्हणू लागले, आजार बरा झाला, आता सोंग करतो. सांगायला लाज वाटते, पण आम्हीही तसेच म्हणालो.

पुढे वाचनात एक गोष्ट आली. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मनोदशेच्या तीव्र विकारांनी प्रथमच दाखल झालेल्या 219 रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. तो 2000 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत जवळजवळ सर्वांचा आजाराचा झटका ओसरला. पण पूर्वीचे काम आणि पूर्वीचे घरातले स्थान ज्यांना पुन्हा मिळाले, असे शंभरात 38 च निघाले. ताप उतरणे आणि माणूस उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही पहिलीलाच दुसरी समजत होतो.

मग या दोहोंमधले अंतर कशाने पडते?

पहिले कारण, उरलेला उतार. अमेरिकेतच 146 रुग्णांची सरासरी बारा वर्षांहून अधिक काळ आठवड्या-आठवड्याची नोंद ठेवली गेली. ती 2002 साली छापून आली. निम्म्याच्या आसपास आठवडे काही ना काही लक्षणांत गेले होते, आणि त्यांत उताराचे आठवडे चढाच्या तिपटीहून अधिक होते. बरेचसे उतार इस्पितळात नेण्याइतके मोठे नव्हते. पण काम अडते ते अशाच बारीक, रेंगाळणाऱ्या उतारांनी. चढ सगळ्या गल्लीला दिसतो. उतार दिसतो तो फक्त मस्टरवर, गैरहजेरीच्या खुणेत.

दुसरे कारण, लक्ष आणि स्मरण. मन ताळ्यावर आल्यावरही पुष्कळांचे लक्ष टिकत नाही, माप ध्यानात राहत नाही, कामांचा क्रम लावता येत नाही. आमचा टर्नर सोंग करीत नव्हता. 2013 साली बार्सिलोनाच्या वैद्यांनी 239 रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एका गटाला आठवड्याला एक अशा 21 बैठकांत लक्ष, स्मरण आणि दैनंदिन कामाची आखणी यांचा सराव दिला होता. नेहमीच्या उपचारांवरच असलेल्या गटापेक्षा त्यांचे रोजचे व्यवहार अधिक सुधारले. म्हणजे हे अंतर प्रयत्नाने कमी होते.

तिसरे कारण, झोप. हे आमच्या थेट अखत्यारीतले. झोप मोडली की या आजारात चढ उसळू शकतो. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उठणे, जेवणे, कामाला लागणे, माणसांत मिसळणे आणि निजणे यांच्या वेळा बांधून देण्यावर एक उपचारच उभा केला. 2005 मधील त्यांच्या अहवालाप्रमाणे आजाराच्या भरातच ही शिस्त शिकलेले रुग्ण पुढच्या झटक्यापासून अधिक काळ दूर राहिले. आता दर आठवड्याला बदलणाऱ्या तीन पाळ्या त्याच्या शेजारी ठेवून पाहा. ज्याला घड्याळ हेच अर्धे औषध, त्याचे घड्याळ आम्ही दर सोमवारी फिरवितो!

चौथे कारण, औषध. लिथियम नावाचा क्षार या आजारावर चालतो, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 साली दाखविले. आजही ते महत्त्वाचे औषध आहे. पण त्याची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. घाम फार गेला, पाणी कमी पडले, उलट्या-जुलाब झाले किंवा इबुप्रोफेनसारखी अंगदुखीची गोळी घेतली, तर रक्तातले प्रमाण वाढू शकते. भट्टीखात्यातल्या माणसाला पाण्याची सुट्टी नाकारणे आणि प्रथमोपचाराच्या पेटीतून न विचारता गोळी देणे, याचा अर्थ काय होतो ते ध्यानात घ्या. शिवाय औषधाने हात कापतो, सकाळी अंग जड राहते. रक्ततपासणीला अर्धा दिवस लागतो. त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापला की माणूस तपासणी सोडतो, पुढे औषध सोडतो.

पाचवे कारण, पैसा. आणि सहावे, आपण. चढात काढलेल्या कर्जाचे हप्ते उतारात फेडावे लागतात. घर त्या हप्त्यांखाली वाकते, आणि बायको-मुलांच्या नजरेतला विश्वास त्याच्या आधीच गेलेला असतो. आणि आपण काय करतो? त्याने मोठ्याने हसले तर ‘चढला वाटते’, गप्प बसला तर ‘पडला वाटते’. रागवायचा साधा हक्कही त्याच्याकडे उरत नाही.

आता कायद्याचे दोन शब्द. राज्य कामगार विमा योजनेत दीर्घ आजारांची यादी आहे आणि तीत हा आजार आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या सुमारे 80 टक्के लाभ मिळू शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सांगितले की, मानसिक अपंगत्व असलेल्या माणसावर त्या अपंगत्वाशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावच होय.

आमच्या टर्नरचे काय झाले? व्यवस्थापनाने चार्जशीट दिली. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही बसलो होतो. आमच्या पिशवीत हजेरीचे उतारे होते, स्थायी आदेश होते. आजाराविषयी एक ओळ नव्हती. तिसऱ्या तारखेला आम्हीच त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणालो, ‘बाबा, राजीनामा दे, हिशेब घे, इभ्रत राहील.’ त्याने सही केली. तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘साहेब, मला फक्त दिवसपाळी हवी होती.’ तीस वर्षांत आम्ही पुष्कळ मागण्या मांडल्या. इतकी स्वस्त मागणी दुसरी आठवत नाही, आणि तीच आम्ही मांडली नाही.

त्यानंतर चार वर्षांनी दुसऱ्या खात्यात तसाच प्रसंग आला. या वेळी आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो आणि चार गोष्टी मागितल्या: कायम दिवसपाळी, पहिले तीन महिने लेखी सूचना, तपासणीच्या दिवशी पगारी सवलत आणि त्याच्या संमतीने एक विश्वासू सोबती, जो झोप बिघडल्याचे पाहून वेळीच घरी कळवील. तीन मिळाल्या, पगारी सवलतीसाठी अजून भांडतो आहोत. तो गडी मध्ये एकदा पुन्हा इस्पितळात जाऊन आला. पण परत आला तो आपल्याच मशीनवर, आणि आजही तेथे आहे.

श्रोतेहो, हा आजार आम्ही बरा करू शकत नाही. ते काम वैद्यांचे. पण पाळी, पाणी, अर्ध्या दिवसाची रजा आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावरची जागा, एवढे तरी आपल्या हातात आहे. उद्या आपल्या कचेरीत, शाळेत, दुकानात कोणी ‘कामास योग्य’ असा कागद घेऊन परत येईल. तेव्हा त्याला एकच विचारा: ‘तुला काय लागेल?’ आम्ही ते विचारले नव्हते.