गुणपत्रकात अडकलेली कारकीर्द

या शहरात जन्मलेल्या एका क्रिकेटपटूचा हिशेब आपल्याला बसल्या जागी मांडता येतो. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. कसोटी सामने ५९, धावा ३६३१, शतकं १२, बळी ३५. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी काढलेल्या २२३ धावा म्हणजे भारतीयाचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. त्यांना खेळताना पाहिलेला माणूस आता शोधावा लागेल, पण कारकीर्द शोधावी लागत नाही. आता कोजागरीला आपल्यातले कितीतरी जण जिथे पायी जातात, त्या तुळजापूरकडे वळू. तिथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून नेमल्या गेलेल्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचं नेतृत्व केलं, सुवर्णपदक आणलं. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. या बाईंनी आयुष्यात एकूण किती गडी बाद केले, पळतीला किती मिनिटं काढली? उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. खो-खोत खेळाडूची कमाई मोजली जाते, साठवली मात्र जात नाही. म्हणून आपल्या खेळाडूंच्या वाट्याला कारकीर्द येत नाही, येते ती फक्त कहाणी. आज मला एवढंच मांडायचं आहे.

मोजली जाते, हे आधी नीट सांगायला हवं, कारण देशी खेळ म्हणजे हिशेबाबाहेरचा आनंद अशी एक भाबडी समजूत आहे. खो-खोचे नियम पुण्यात १९१४ पासून लिहिले जात आहेत, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचं प्रात्यक्षिक तिथे नेलं होतं. आजही साध्या जिल्हा स्पर्धेत पंचांशेजारी गुणलेखक बसलेला असतो. कोणता गडी किती मिनिटं पळाला, कोणी त्याला टिपला, सूर मारून की खांबावर, हे तो लिहितो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात: अमकीने २ मिनिटं १० सेकंद संरक्षण केलं, तमकीने तीन गडी बाद केले. रद्दीवाल्याकडे तो अंक गेला की त्या दोन मिनिटांचं अस्तित्व संपलं. गुणपत्रक फाइलला लागतं, फाइल कपाटात जाते. या कागदांची बेरीज करणं हे कोणाचंच काम नाही, आणि बेरजेशिवाय कारकीर्द नावाची वस्तू तयार होत नाही.

शिवाय जे लिहिलं जातं तेही अर्धंच. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला धरलेली दिशा सोडता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. त्यामुळे पळणाऱ्याला कोंडीत पकडण्याचं काम मधल्या चौकांत बसलेले खेळाडू करतात. योग्य क्षणी खो देणं, पळणाऱ्याची हूल ओळखणं, उठताक्षणी त्याला खांबाकडे रेटणं, हे सगळं त्यांचं. शेवटी खांबावर हात लावतो तो वेगळाच, आणि गुणपत्रकात नाव त्याचं. असंच आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्येही घडतं. तिथे पंधरा जणांत दोघे मैदानाच्या मध्यावर खेळतात. गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू उडी मारून झेलायचा आणि पुढच्यांच्या हाती द्यायचा, हे त्यांचं मुख्य काम. गोल करणारे दुसरेच असतात. तिथला खेळाडूही हौशी. तो आपल्या काउंटीसाठी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यासाठी, मानधनाविना खेळतो आणि सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. पण १८८४ मध्ये थर्ल्स गावी स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने खेळाबरोबर त्याची स्मृतीही जपली. म्हणून मध्यावरचा खेळाडू निवृत्त झाला की त्याच्या वर्षांचा, सामन्यांचा, अंतिम फेऱ्यांचा लेखाजोखा मांडता येतो. पैशाशिवाय सन्मान टिकू शकतो, नोंदीशिवाय टिकत नाही.

आपल्याकडे काय झालं ते पाहा. खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांना मिळाला. १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाला, आणि त्यानंतर थेट २०२० साली सारिका काळेंना. मध्ये २२ वर्षं. या काळात खेळाडू निपजले नाहीत, असं आपल्या जिल्ह्यातल्या वेळापूरचं खो-खोचं मैदान पाहिलेला सोलापूरकर तरी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धा विरळ होत्या हे कारण खरंच आहे. पण ज्याच्या हातात पदक नाही आणि आकडाही नाही, त्याची बाजू मांडायची कशी? मग सारिका काळेंना पुरस्कार मिळाल्यावर आपण काय छापलं? एका वेळच्या जेवणावर काढलेली वर्षं, आईचं शिवणकाम, गुरू चंद्रजित जाधव यांनी दिलेला धीर. हे सगळं खरं आहे आणि आदराचं आहे. पण एखाद्या फलंदाजाबद्दल आपण फक्त त्याच्या घरची चूल किती वेळ पेटत होती एवढंच सांगितलं असतं का? उपासमारीतून पुढच्या मुलीला शिकण्यासारखं काही नाही. पळतीची लय, हूल देण्याची जागा, दमल्यावर कोणत्या चौकात श्वास घ्यायचा, यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि नेमकं तेच नोंदलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, हा सांघिक खेळ आहे, आकड्यांनी प्रत्येक जण आपापलं खातं भरायला लागेल. भीती खोटी नाही. पण आज फक्त बाद करणाऱ्याचं नाव लिहून आपण तेच करतो आहोत. खो देणाऱ्याचीही नोंद ठेवली तर खेळ अधिक सांघिक होईल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. २०२२ पासून अल्टिमेट खो-खो लीग आली, दूरचित्रवाणीवर आकडे झळकू लागले, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवलं, त्या पुरुष संघात आपल्या जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. मग रडगाणं कशाला? उत्तर असं की ती लीग पुरुषांची आहे. सारिका काळेंचा सगळा खेळ तिच्या कक्षेबाहेर पडतो, त्यांच्याआधीच्या साऱ्या मुलींचाही. उद्याची नोंद कोणीतरी ठेवेल. कालची ठेवायची तर ती आपणच ठेवायची आहे.

राहिला सारिका काळेंसारख्यांच्या सरकारी नोकरीचा प्रश्न. खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, चांगला खेळाडू टेबलामागे बसवला म्हणतात. शालेय स्पर्धा आणि तालुक्यातली मैदानं ज्या खुर्चीवरून पाहिली जातात, तिथे पाटीवर बसून उठलेली बाई असणं मला तरी अगदी योग्य वाटतं. तिथून या नोंदींचं काम सुरू होऊ शकतं. पण तिच्या एकटीवर ते ढकलू नका. या सभागृहात जुन्या क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते, निवृत्त क्रीडाशिक्षक, पंच बसले आहेत. तुमच्या ट्रंकांत, माळ्यावर, शाळेच्या कपाटात पिवळी पडलेली गुणपत्रकं आहेत. पावसाळ्याआधी ती खाली काढा.